तीन नंबरचा पंप

“हा निळा नको, आकाशी दे,” चाचा म्हणाले. “नवरदेवाला असला मळका रंग देतात का कुठं?”

“नवरदेव म्हणे!” मी ब्रश डब्यात आपटला. “आत काही नाही आणि डोक्याला बाशिंग. रंग थोडाच उरलाय, चाचा. एक नंबर, दोन नंबरला अजून एक हात देऊ. ते बिचारे राबतात तरी.”

“त्यांचं झालं की. आता ह्याचं.”

खंडेनवमीची सकाळ होती. बोरजाई गावाला नदीतून पाणी चढवणाऱ्या पंपहाउसात आम्ही दोघं पुसापुशी करत होतो. वर्षभर ज्या हत्यारानं पोट भरलं त्याची त्या दिवशी पूजा करायची, ही आमच्याकडची रीत. आणि आमच्या पंपहाउसात ती पाळण्यात सगळ्यांत कडक माणूस म्हणजे इस्माईल मुजावर. गाव त्यांना मुजावर मिस्त्री म्हणायचं, मी चाचा म्हणायची. पाने, हातोडे, साखळीचा कप्पा, सगळं धुऊन पाटावर मांडायचं. हळदकुंकू मी लावायचं, नारळ त्यांनी फोडायचा. माझा नवरा ह्याच पंपावर ऑपरेटर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, तेव्हा “हे काय बाईमाणसाचं काम आहे का” म्हणणारे चिक्कार निघाले. चाचांनी माझ्या हातात ग्रीसचा डबा दिला आणि म्हणाले, “मंदा, ह्यांच्या तोंडाला लागू नको. पंपाच्या लाग.” मी तापट, ते थंड. आमचं बरं जमायचं.

पंप तीन होते. म्हणजे सरकारदरबारी तीन. चालायचे दोनच. कधी एकचं बेअरिंग जायचं, कधी दोनचा पंखा झिजायचा, म्हणजे आत पाणी फेकतो तो. ऑफिसला मागणी करावी तर सामान यायला सहा-सहा महिने. तोवर गावानं काय तहान गिळून बसायचं? मग चाचा तीन नंबर उघडायचे, त्यातलं काढायचे आणि चालत्या पंपात बसवायचे. असं करता करता तीनचा पंखा गेला, दांडा गेला, मोटारीच्या आतली तार गेली. उरलं ते बिडाचं कवच. आजवरच्या सगळ्या साहेबांना हे ठाऊक होतं. “मिस्त्री, काहीतरी करा, फक्त मला सांगू नका,” हे प्रत्येक साहेबाचं ठरलेलं वाक्य.

“ह्यानं अंगातलं काढून काढून त्या दोघांना जगवलं,” चाचा आकाशी रंगाचा हात फिरवत म्हणाले, “आणि सणाला ह्यालाच उपाशी ठेवू? तुझ्या सासूनं हेच शिकवलं का तुला?”

“सासूचं नाव नका काढू. सकाळी निघताना म्हणाली, मिस्त्रीला विचार, पाणी कधी.”

चाचांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. हा प्रश्न आला की ते नेहमीच कामात डोकं घालायचे.

आम्ही राहायचो खडकमाळावर, गावाच्या सगळ्यांत उंच टोकाला. एक पंप चालला की खालच्या गावाचं भागतं. पण खडकमाळाच्या टाकीत पाणी चढवायचं तर दोन पंप एकदम चालावे लागतात. आणि हे दोन्ही म्हातारे रोज एकदम पळवले तर दोन्ही एकदम बसतील, म्हणून चाचा एकाला पळवायचे आणि एकाला विसावा द्यायचे. त्यामुळे आम्हाला आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी, तेही नशीब असलं तर. सासूबाई नळाची तोटी कायम उघडी ठेवायच्या आणि खाली घागर. नळ सूं सूं करायला लागला की हातातलं टाकून धावायच्या. बरेचदा नुसती हवा यायची. मी पंपावर कामाला आणि माझ्याच दारात कोरडा नळ. गल्लीतल्या बायका टोमणे मारायच्या, “दिव्याखाली अंधार गं बाई.” संताप यायचा, पण काय बोलणार? तीन नंबरच्या जागी नवा पंप आला तर खडकमाळाला रोज पाणी मिळणार होतं. चाचा वैशाखात रिटायर होणार होते. त्याआधी तीन नंबर फिरताना बघायचाय, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आम्ही हार घालत होतो तेवढ्यात दारातून आवाज आला, “अरे वा! पूजा चालली आहे का?”

हे शार्दूल टिपणीस. नगरपरिषदेनं पंपांच्या देखभालीसाठी कॉम्प्युटरची सिस्टीम घेतली होती, ती बसवायला कंपनीनं त्यांना पुण्याहून पाठवलं होतं. गोरे, हसरे, बूट बाहेर काढून आत आले. मला माणूस तिथंच आवडला.

“सणाच्या दिवशी त्रास देतोय,” ते म्हणाले, “पण प्रत्येक मशीनचा एक फोटो लागतो. आज सगळं इतकं स्वच्छ आहे, आजच काढून घेऊ का?”

“काढा की!” चाचा खूश. “थांबा, टोपी घालतो.”

एक नंबरचा काढला, दोन नंबरचा काढला. तीन नंबरशी चाचा स्वतः उभे राहिले. ताजा आकाशी रंग, कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मिस्त्री, हसा जरा,” टिपणीस म्हणाले.

चाचा हसले. मी म्हटलं, “बघा, लग्नातसुद्धा एवढे हसले नसतील.” मग नारळ फुटला, आम्ही टिपणीसांना पेढा दिला, आणि ते गेले.

चार दिवसांनी ते लॅपटॉप घेऊन आले. पंपहाउसातल्या पाटावरच बसले आणि आम्हाला समजावून सांगू लागले. प्रत्येक यंत्राची खरी अवस्था सिस्टीममध्ये भरायची. चांगलं असेल तर हिरवा ठिपका, काम निघालं असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल. लाल दिसला की आपोआप जिल्ह्याला कळतं, आणि तो लाल का आहे ह्याचं उत्तर वरच्यांना द्यावं लागतं.

“म्हणजे मागणी, अर्ज, स्मरणपत्रं, काही नको?” चाचांनी विचारलं. त्यांनी नव्या पंपासाठी इतके अर्ज केले होते की ऑफिसातले कारकून त्यांना बघितलं की चहाला निघून जायचे.

“काही नको, मिस्त्री. सिस्टीमच मागणी करेल. फक्त खरं भरायचं. खोटं भरलं तर हिला काहीच करता येत नाही.”

एक झाला, दोन झाला. मग टिपणीस म्हणाले, “तीन नंबर. कंडिशन?”

“मेलाय,” चाचा म्हणाले.

टिपणीस हसले. “तसा पर्याय नाही. चालू, दुरुस्त होण्याजोगा, किंवा बंद.”

“बंद.”

“कारण?”

“आतलं सगळं काढलंय.”

टिपणीसांची बोटं थांबली. “कुणी काढलंय ते विचारतंय. नाव टाकल्याशिवाय पुढं जात नाही.”

मी चाचांच्या पायावर पाय दिला. “चाचा, गप्प बसा. साहेब, तिथं काहीतरी दुसरं टाका. जुना झाला, झिजला, काय वाटेल ते टाका.”

“मंदा...”

“मंदा काय मंदा! वैशाखात सुटायचंय तुम्हाला. सरकारी पंप खोलला म्हणून चौकशी लागली तर म्हातारपणी कचेरीचे उंबरे झिजवाल. खडकमाळाला आजवर पाणी नव्हतं, उद्याही नसलं तर कुणी मरत नाही.”

“तुझ्या सासूला सांग हे,” चाचा म्हणाले. मग टिपणीसांकडं वळले. “लिहा. इस्माईल बापूलाल मुजावर.”

“मिस्त्री, एकदा सेव्ह केलं की तुम्हाला ते बदलता येणार नाही.”

“तेच तर पाहिजे. बदलून बदलूनच हे दिवस आलेत.”

टिपणीसांनी माझ्याकडं पाहिलं, मग बटण दाबलं. लॅपटॉपवर तीन नंबरपुढं लाल ठिपका आला. टपोरा. चाचा चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारी जागी खरं लिहिलं गेलं होतं. ते उठले, बाहेर गेले आणि गरम कांदाभजी घेऊन आले. लाल ठिपका बघून भजी खाणारी माणसं आख्ख्या महाराष्ट्रात आम्हीच असू.

त्यानंतर आठवड्याभरात भोकरे साहेब आले. भोकरे म्हणजे नगरपरिषदेचे पाणीपुरवठा अभियंता. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाबरलेला. जीपमधून उतरले तेव्हाच त्यांच्या कपाळावर घाम होता.

“कुणी केलं हे लाल?”

“मी,” चाचा म्हणाले.

“अहो मिस्त्री, काय केलंत! जिल्ह्याची मीटिंग होती. पडद्यावर सगळ्या नगरपरिषदा हिरव्यागार आणि मधे आपला एकट्याचा लाल डाग. मुख्याधिकारी साहेबांना सगळ्यांच्या देखत उभं केलं. बदला ते.”

“सगळ्यांचे हिरवे?” मी म्हटलं. “म्हणजे सगळ्या गावांत सगळे पंप ठणठणीत? मग जिल्ह्यात टँकर कशाला पळतात, साहेब?”

“तुम्ही मधे बोलू नका, मंदाबाई.”

“का नको? माझ्या घरात पाणी येत नाही.”

चाचांनी हात वर करून मला थांबवलं. “साहेब, तुम्हाला ठाऊक आहे तो पोकळ आहे.”

“ठाऊक आहे हो!” भोकरे जवळजवळ रडकुंडीला आले. “मला ठाऊक असून काय उपयोग? पिवळा तरी करा. दुरुस्त होण्याजोगा म्हणा.”

“दुरुस्त करायला आत काहीतरी लागतं,” चाचा म्हणाले. “मी नाही बदलणार, साहेब. आणि आता बदलता पण येत नाही.”

भोकरे काही वेळ तीन नंबरकडं बघत उभे राहिले. आकाशी रंग अजून चकाकत होता, हार सुकून लोंबत होता. मग जीपमध्ये बसून निघून गेले. मला तेव्हा वाटलं, जिंकलो आपण. आयुष्यात पहिल्यांदा साहेब गप्प बसून परत गेला होता.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी मी कामावर आले आणि मोबाइल उघडला. तोवर आमच्या मोबाइलवरही ती सिस्टीम आली होती. बघते तर तीन नंबरपुढं हिरवा ठिपका.

“चाचा! अहो चाचा, इकडं या!”

ते हात पुसत आले. मोबाइल लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

“हिरवा,” ते म्हणाले.

“कसा काय झाला?”

“मंजूर झाला!” त्यांचा आवाज चिरकला. “नवा मंजूर झाला, पोरी! नाहीतर हिरवा कशाला करतील? वरच्यांनी लाल बघितला, नवा मंजूर केला, नोंद हिरवी केली. आता ऑर्डर निघेल.”

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार? पंप फिरल्याशिवाय कुणी त्याला चालू म्हणेल, हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं. थोड्या दिवसांनी मोबाइलवर आदेश आला: पंप क्रमांक तीन, मासिक देखभाल, वंगण द्या. चाचा म्हणाले, “बघ, त्याला मोजायला लागले. आता येतोच.” वंगण कुठं देणार, पंप यायचाय, म्हणून आम्ही तो आदेश तसाच ठेवला.

मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे, पण इतकी वर्षं टोमणे खाल्लेले, तोंडात कसं राहणार? सासूबाईंनी वाटीभर साखर घेतली आणि गल्लीत दारोदार जाऊन प्रत्येकीच्या हातावर ठेवली. “माझ्या सुनेनं आणि मुजावर मिस्त्रीनं पंप आणला.” ज्या बायका टोमणे मारायच्या त्याच मला हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या. पोरांनी वरच्या टाकीत उतरून ती घासली. सासूबाईंनी घागर चिंचेनं घासून लख्ख केली आणि पुन्हा नळाखाली ठेवली.

पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला. पंप आला नाही. चाचा ऑफिसात विचारून यायचे. भोकरे भेटायचे नाहीत. कारकून म्हणायचे, “सिस्टीममध्ये सगळं ओके दाखवतंय, मिस्त्री.” मी टिपणीसांना फोन लावला. ते आता विदर्भात कुठल्याशा गावात हीच सिस्टीम बसवत होते.

“ताई, आमचं काम तिथं संपलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “मला आता तिथलं दिसत नाही. पण हिरवं आहे म्हणजे चांगलंच असेल ना?”

“तुम्ही बसवलीय, तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

चैत्रात दोन नंबर बसला. भर दुपारी कडाड् असा आवाज झाला आणि दांडाच तुटला. चाचांनी सवयीनं पाना उचलला आणि तीन नंबरकडं वळले. दोन पावलं टाकून थांबले. तिथून काढायला आता काही उरलं नव्हतं. पाना हातात तसाच धरून ते खाली बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा चाचांना पंपाकडं पाठ करून बसलेलं पाहिलं.

एका पंपावर खालचं गाव कसंबसं चाललं. खडकमाळ पूर्ण कोरडा. तिसऱ्या दिवशी बायका हंडे घेऊन पंपहाउसाच्या फाटकावर आल्या, पुढं माझी सासू. आणि त्यांच्या मागोमाग भोकरे साहेबांची जीप.

“मिस्त्री,” भोकरे आत येऊन म्हणाले, “वरून आदेश आहे. दोन नंबर बंद आहे तर राखीव पंप सुरू करा. तीन नंबर.”

चाचा त्यांच्याकडं बघतच राहिले. “साहेब?”

“सिस्टीममध्ये तीन नंबर सुस्थितीत आहे. राखीव पंप असताना नवा मागता येत नाही आणि टँकरही मंजूर होत नाहीत. सुरू करा म्हणतात.”

“साहेब, तुम्हाला ठाऊक आहे...”

“मी सांगितलं वर! फोन करून सांगितलं, तो पोकळ आहे. ते म्हणाले, मग हा काय आहे?” भोकऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि चाचांपुढं धरला. “आम्हाला लाल दिसला तेव्हा आम्ही तपासणी केली म्हणाले. फोटो बघून.”

मी वाकून पाहिलं. खंडेनवमीचा फोटो. आकाशी रंग, कुंकू, झेंडूचा हार. पाठीवर हात ठेवून चाचा हसताहेत. खाली शेरा होता: छायाचित्रानुसार पंप सुस्थितीत, देखभाल उत्तम.

“एवढा रंगवलेला, सजवलेला पंप बंद कसा असेल, असं ते विचारतात,” भोकरे म्हणाले. “मी काय उत्तर देऊ? मेलेल्या पंपाला कोण रंग देतं, मिस्त्री? कोण हार घालतं?”

मला वाटलं चाचा आता ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. माझ्या तर अंगाची लाही लाही होत होती. मी म्हटलं, “अहो, मग या म्हणावं इथं! चार बोल्ट काढले की दिसेल! एक माणूस येऊन आत हात घालून बघू शकत नाही? हिरवा करायला फोटो पुरतो आणि पंप बघायला यायला पाय मोडलेत?”

“कळवलंय. तपासणीची विनंती टाकलीय,” भोकरे म्हणाले. “पण सुस्थितीतल्या पंपाची तपासणी वर्षातून एकदाच होते. ह्या वर्षीची झाली, असं दाखवतंय. हीच ती.”

चाचांनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला. पुष्कळ वेळ बघत राहिले.

“फोटो चांगला आलाय,” ते म्हणाले.

आणि मोबाइल परत दिला. फाटकावरून सासूबाई हाका मारत होत्या, “मिस्त्री, ओ मिस्त्री, नवा पंप कुठाय?” चाचा बाहेर गेले नाहीत. मी गेले. काय सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की सासूबाईंनी हंडा दगडावर आपटला आणि साखर खाल्लेल्या बायकांनी मला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या.

चाचांना नोटीस आली. दोन आरोप होते. एक: सुस्थितीतला पंप बंद असल्याची खोटी नोंद केली. दोन: त्याच पंपाचे सुटे भाग विनापरवाना काढले, जे त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. मी ती भोकऱ्यांना वाचून दाखवली. “साहेब, भाग काढलेत तर पंप सुस्थितीत कसा? आणि सुस्थितीत आहे तर भाग काढले कसे? एका पानावर दोन्ही लिहिताना कुणाचा हात अडखळला नाही?”

“वेगवेगळ्या विभागांनी लिहिलंय ते,” भोकरे म्हणाले, आणि खाली मान घातली.

वैशाख आला. चाचा रिटायर झाले, पण चौकशी चालू म्हणून निरोपसमारंभ नाही, पेन्शन नाही. मी घरून शिरा करून नेला होता. आम्ही दोघांनी पंपहाउसात बसून खाल्ला. जाताना त्यांनी तीन नंबरच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पुन्हा खंडेनवमी आली. दोन नंबर नवा दांडा येऊन नुकताच सुरू झाला होता. मी एकटीच पाने, हातोडे धूत होते. फाटकावर कुणीतरी बोलत होतं म्हणून बाहेर गेले. चाचा उभे. नवा रखवालदार त्यांना आत सोडत नव्हता. म्हणत होता, यादीत नाव दिसत नाही.

“अरे, हे मुजावर मिस्त्री आहेत!” मी त्याच्या अंगावर गेले.

“असू दे, मंदा. मला आत नाही यायचं.” चाचा वाळले होते. पिशवीतून त्यांनी झेंडूचे हार काढून माझ्या हातात दिले. “एक आणि दोनला घाल. नारळ तूच फोड.”

मी हार बघितले. दोनच होते.

“आणि तीनला?”

“त्याला नको.”

“चाचा, असं काय करता? रंग तरी...”

“रंगपण नको.” ते पहिल्यांदा माझ्यावर खेकसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “गंजू दे त्याला. चांगला गंजू दे. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की मेलाय. मी त्याला सजवत बसलो, आणि खडकमाळाचं पाणी मीच घालवलं.”

“तुम्ही घालवलं? तुम्ही?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं की कशानं कोण जाणे. “त्या पंपाची माया एक तुम्हालाच होती!”

“तीच नडली,” चाचा म्हणाले, आणि नदीकडच्या रस्त्यानं निघून गेले.

मी त्यांचं ऐकलं. तीन नंबरला हार घातला नाही, रंग दिला नाही, धूळसुद्धा पुसली नाही. पावसाळ्यात त्याच्यावर गंजाचे डाग उठले तेव्हा मला इतका आनंद झाला की विचारू नका. पुढच्या भादव्यात चाचा गेले. चौकशी तेव्हाही चालूच होती. त्यांच्या मुलाला नंतरही पत्रं येत राहिली, समक्ष हजर राहा म्हणून.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ऑफिसनं ठेकेदाराचा माणूस पाठवला. सिस्टीममध्ये नवे फोटो टाकायचे होते, म्हणून सगळ्या पंपांना रंग द्यायचा आदेश निघाला होता. मी भांडले. म्हटलं, ह्या तिसऱ्याला हात लावायचा नाही. त्यानं मला मोबाइल दाखवला. “ताई, आदेशात तीन नंबर आहे. नाही दिला तर माझं बिल अडकेल.” त्याचं काय चुकलं होतं? त्यानं पॉलिशपेपरनं गंज घासून काढला. चाचांच्या हातचा आकाशी रंग खाली अजून थोडा शिल्लक होता.

“ह्याला कुठला देऊ?” त्यानं डबे मांडत विचारलं.

“आकाशी,” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं रंग दिला, वाळू दिला, फोटो काढला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटपून घरी आले तर सासूबाई नळापाशी बसून होत्या. घागर खाली, तोटी उघडी.

“चला आत,” मी म्हटलं. “काही येत नाही आज.”

“सणाचा दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “आज तरी सोडतील.”